गाडीत किती जण होते?

सकाळपासून तीनदा संडासला जाऊन आलोय. सहासष्ट वर्षांचा बाप्या मी. एके काळी अख्ख्या अलाबामातले लोक मला फाडून खायला उठायचे, तेव्हा त्यांना जीभ काढून दाखवायचो. आणि आज एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या भीतीने माझं पोट बिघडलंय.

म्हाताऱ्याचं नाव एमेट स्प्रोल्स. पूर्वी तो आमच्या शेरीफचा डेप्युटी होता. आज चार वाजता आर्मरीच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या हॉलमध्ये आमच्या ‘ज्यूरी’चा सत्कार आहे, आणि कुठल्या तरी दीडशहाण्याने एमेटला दोन शब्द बोलायला बोलावलंय. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी माझी थोरली बहीण नदीन बसणार. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मी नदीनला एक खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे जगात आता दोघांनाच माहीत आहे, मला आणि एमेटला.

ज्यूरी म्हणजे आम्ही तिघं पहिलवान. जज रॉयस टिडवेल, डोंगराएवढा फ्लॉइड मॅब्री आणि मी, वेंडेल हार्गिस. कुस्तीच्या धंद्यात आम्ही तिघंही चिल्लर होतो. रोज कुणा ना कुणाचा मार खायचा आणि घरी जायचं. मग रॉयसच्या डोक्यात न्यायाधीशाचे काळे झगे आले. झगे घालून आम्ही रिंगणात सावकाश यायचो, समोरच्याला लोळवायचो, मग त्याला केसाला धरून उभा करायचा आणि रॉयस कागद वाचायचा. ‘आरोपी आपल्या आईला रविवारीसुद्धा फोन करत नाही!’ आम्ही अंगठा खाली करून ओरडायचो, ‘दोषी!’ लोक चप्पल-बूट, उकडलेल्या शेंगा, हाताला येईल ते फेकायचे. दीड वर्षात चार राज्यांतले विजेतेपदाचे सगळे पट्टे आमच्या कमरेला. आमच्या गाडीचे टायर महिन्याला फाटायचे. एका आजीबाईने टोपीची पिन माझ्या मांडीत खुपसली होती, तो डाग अजून आहे. आम्ही जाम खूष होतो, कारण लोक चिडले म्हणजे धंदा बरोबर चाललाय.

निकाल आधी ठरलेला असायचा, हे आज शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा ते मरताना पण बोलायचं नाही असा दंडक होता. रिंगणात दुष्टाचं काम करणाऱ्यांची खोली वेगळी, सज्जनांची वेगळी. दुष्ट आणि सज्जन एका हॉटेलात जेवताना दिसता कामा नयेत, एका गाडीत तर नाहीच नाही. पकडला गेलास तर त्याच दिवशी घरी.

आणि सज्जनांतला सगळ्यात लाडका होता ड्यूई प्रुइट. लाकडाच्या गिरणीतून आलेला, हसला की गालाला खळी पडायची, बायाबापड्या त्याच्यासाठी प्रार्थना करायच्या. ड्यूई म्हणजे माझ्या नदीनचा नवरा. शनिवारी मी त्याच्या पाठीत खुर्ची मोडायचो आणि सोमवारी त्याच्याच घरी, पडदे ओढून, तळलेला मासा खायला बसायचो. चर्चमध्ये बायका नदीनला म्हणायच्या, ‘अगं, तुझा भाऊ म्हणजे साक्षात सैतान गं!’ नदीन म्हणायची, ‘काय करू बाई, जन्मतःच वाया गेलेला.’ आणि घरी येऊन मला वाढताना पोट धरून हसायची.

तो ऑगस्टचा शनिवार होता, सन त्र्याऐंशी. सकाळी टीव्हीचं चित्रीकरण उरकलं, दुपारी तीनला टॅलबर्टच्या बेसबॉल मैदानात ड्यूई आणि रॉयसची पट्ट्याची लढत. वाटेत एका बंद पेट्रोल पंपाजवळ ड्यूईचा ट्रक वाफा सोडत उभा. आसपास चिटपाखरू नव्हतं. रॉयसने गाडी थांबवली.

“मागे खाली झोप,” तो म्हणाला. “वेंडेल, चादर टाक त्याच्यावर. गावाबाहेर उतरवू.”

ड्यूई आमच्या पायांत मुटकुळं करून पडला. अंगाची नुसती लाही होत होती. चादरीतून आवाज आला, “मॅब्री, पाय काढ रे तोंडावरून! मेलेलं खेचर परवडलं.”

“आरोपीने गप्प राहावं,” मॅब्री म्हणाला.

“आरोपी ओकणार आहे.”

“दोषी!” मी ओरडलो. आम्ही चौघं लहान मुलांसारखे खिदळत होतो. मला ते हसणं आठवतं, त्यानंतर ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकची मागची बाजू आठवते, एकदम जवळ. रॉयसने चाक फिरवलं. जग दोनदा उलटं झालं, आणि मग काहीच आवाज नाही.

गाडी रस्त्याखालच्या घळीत कुडझूत पडली होती. आमच्याकडे हा वेल उभीच्या उभी झाडं गिळतो, घरं गिळतो. पलीकडच्या पीचच्या दुकानावरची माणसं धावत आली, आठदहा जण. त्यांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं. मॅब्री बेशुद्ध. रॉयसचा पाय नडगीतून वाकडा. माझ्या कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं.

“अरे, ही तर ज्यूरी!” कोणीतरी म्हणालं.

“देव आहे म्हणायचा,” दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. त्याच्या शर्टावर ड्यूईचं चित्र होतं.

तेवढ्यात एमेट आला. वही काढली. “गाडीत किती जण होते?”

“तीन,” रॉयस म्हणाला. दुखण्याने त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

एमेट माझ्याकडे वळला. “तुला विचारतोय. किती जण?”

मी मागच्या सीटकडे पाहिलं. रिकामी. उघड्या दाराला चादर लोंबत होती. माझ्या मनात आलं, बेटा सटकला! पहिल्या झटक्यात बाहेर पडून झाडीत घुसला असेल, कुणी बघायच्या आत. ड्यूई तसाच होता, धंद्यासाठी काय वाटेल ते. खरंच, आईशपथ, मला असंच वाटलं. आणि तो शर्टावरचा ड्यूई दात काढून माझ्याकडे हसत होता.

“तीन,” मी म्हणालो.

बस, एवढंच. एक शब्द.

हॉस्पिटलात मला टाके घातले तेव्हा घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजले. अडीच. मी मैदानावर फोन लावला, तर तिकडे नदीननेच उचलला.

“वेंडेल! अरे, अपघात म्हणे? बरा आहेस ना तू?”

“बरा आहे. ड्यूई आला का?”

“नाही बाई अजून. त्याचा ट्रक रुसला असेल कुठेतरी. येईल. तू पड जरा.”

 मी फोन ठेवला आणि पलंगाची दांडी धरून उभा राहिलो. शेजारच्या पलंगावर रॉयस होता, पायाला फळ्या बांधलेल्या.

“तो पोचला नाहीये,” मी म्हणालो.

“येईल. बस खाली.”

“रॉयस, दोन तास होत आले! तो झाडीत नाही गेला. तो तिथेच आहे.”

“तोंड उघडलंस तर सगळं संपलं, कळतंय का? आपलं आणि त्याचंही. ड्यूईला विचार, तो हेच म्हणेल.”

आणि खरं सांगतो, मी आणखी काही मिनिटं तिथे उभा होतो.  धंदा बुडेल ही भीती आणि ड्यूई मेला असेल ही भीती, दोन्हींनी मिळून माझी दातखीळच बसवली. दोन पन्नासला मी बाहेर आलो. एमेट व्हरांड्यात कॉफी पीत होता.

“चार होते,” मी म्हणालो. “गाडीत आम्ही चार जण होतो. ड्यूई प्रुइट पण होता.”

एमेट खो खो हसला. “वा रे वा! आणि आता तो खिडकीतून खुर्ची घेऊन उडी मारणार, नाही का? जा, झोप जा.”

मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मला बोलता येईना, नुसतं रडू फुटलं. एमेटने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. कॉफी तिथेच टाकून तो धावला, मी त्याच्यामागे.

सगळे उभे होते त्या जागेपासून ड्यूई तीस पावलांवर सापडला. वेलाखाली उताणा. कमरेखालचं सगळं निकामी झालेलं, पण जिवंत. तोंडात त्याचा लाल रुमाल, दातांनी पार फाडलेला. आवाज फुटू नये म्हणून त्याने तो कोंबला होता. लोक आल्याचं त्याने ऐकलं होतं. एमेटचा प्रश्न ऐकला होता. माझं उत्तरही ऐकलं होतं.

मी त्याच्याजवळ बसलो तर त्याने माझ्या खांद्यावरून मागे एमेटला पाहिलं. रुमाल थुंकला आणि कुजबुजला, “मार मला.”

“काय?”

“मार ना, गाढवा. बघतोय तो.”

मी त्याला मिठी मारली. अँब्युलन्स हॉस्पिटलला पोचायच्या आधीच तो गेला. डॉक्टर म्हणाला, तासभर आधी आणला असता तर वाचला असता.

व्हरांड्यात नदीनने मला एकच विचारलं. “डेप्युटीने विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?”

“चार,” मी म्हणालो. “चार म्हणालो, नदीन. तो हसला. त्याला खरंच वाटेना.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त पहिला तीन मी गाळला. नदीनने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

पुढे आमची ज्यूरी काय वाढली म्हणता! सोमवारी टीव्हीवर कुस्ती कंपनीच्या मालकाने डोळे पुसत थाप मारली की ज्यूरीने ड्यूईचा ट्रक रस्त्यावरून ढकलला. लोक आम्हाला मारायला यायचे म्हणून तिकिटं काढायचे. पाच वर्षं आम्हाला कुणी हरवू शकलं नाही. आजही टीव्हीवरचे पहिलवान काळा झगा घालतात, अंगठा खाली करतात, त्यांना माहीतही नसतं हे कुठून आलं. मग एक दिवस धंद्याचं बिंग फुटलं, सगळ्यांनाच सगळं कळलं, तेव्हा नदीनने एका मुलाखतीत सांगून टाकलं: माझा भाऊ चार म्हणाला, एमेट स्प्रोल्स हसत बसला. तेव्हापासून गावाने एमेटला वाळीत टाकल्यासारखं केलं. चर्चमध्ये तो बसतो तो बाक रिकामा असतो. त्याने एकदाही, कुणाहीपाशी, तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? एकोणचाळीस वर्षं मी हेच विचारत घाबरतोय. आज उघडणार म्हणून. उद्या उघडणार म्हणून. रॉयस गेला, मॅब्री गेला, हा म्हातारा काही जाईना. मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो, लाज वाटते सांगायला.

चार वाजलेत, हॉल गच्च भरलाय. पन्नाशीचे बाप्ये काळे झगे घालून, पोटं पुढे काढून आलेत. रॉयसचा झगा काचेच्या कपाटात आहे. नदीनने माझा हात हातात घेतलाय. “थंडगार पडलाय की रे,” ती म्हणते. “आज त्याला मी सगळ्यांसमोर विचारणार आहे. तू काही बोलू नकोस.”

एमेट काठी टेकत मंचावर चढतो. माईकपाशी पोचायलाच त्याला वेळ लागतो. तो बोलायच्या आधीच नदीन उभी राहते. माझा हात तिच्या हातातच आहे.

“एमेट,” ती म्हणते. एवढ्या वर्षांत तिने त्याला प्रथमच नावाने हाक मारली. “माझ्या भावाने तुला चार सांगितलं, तेव्हा तू हसलास की नाही?”

 एमेट तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.  आता बोलणार. आता सांगणार. मी डोळे मिटून घेतो.

“हसलो, ताई,” एमेट म्हणतो. “तो रडत होता आणि मी हसलो. त्याचं मला रोज वाईट वाटतं.”

मी डोळे उघडतो. म्हातारा मान खाली घालून उभा आहे. संपलं. सुटलो. कुणाला काही कळणार नाही, कधीच नाही. आणि ती सुटका पोटात उतरते न उतरते तोच मला तो तोंडात रुमाल कोंबलेला ड्यूई आठवतो.

“तीन,” मी म्हणतो.

नदीन वळून बघते. “काय?”

“एमेट आधी रस्त्यावर आला होता, नदीन. तिथेच, लगेच. त्याने विचारलं, किती जण. मी तीन म्हणालो. ड्यूई तीस पावलांवर होता आणि मी तीन म्हणालो. चार मी नंतर सांगितलं, पावणेतीन वाजून गेल्यावर.”

क्षणभर कुणाला काही उमजत नाही. मग मागून कुणीतरी, नाटकाचाच भाग समजून, मोठ्याने ओरडतं, “दोषी!” झालं, अख्खा हॉल उठतो. झगे, अंगठे, हसणं. “दोषी! दोषी! दोषी!”

नदीन हसत नाही आणि रडतही नाही. ती माझ्या हातातून आपला हात काढून घेते, पर्स उचलते, आणि एकेक पायरी चढत एमेटपाशी जाऊन उभी राहते.