हलव्याचे टिंब

सरोजिनीआत्याला काचबिंदूने अंधारात नेलं, तेव्हा बोटांनी तिला बाहेर काढलं. करजण गावची तिची मैत्रीण यशश्री लहानपणापासून आंधळी. तिने आत्याला ब्रेल शिकवलं आणि मग दोघींना एका खेळाचं वेड लागलं. खेळाचं नाव ‘सात बंदरं’. पटावर जहाजं, हातात चिठ्ठ्या. चिठ्ठी सांगेल तसं जहाज पुढे किंवा मागे. दर रविवारी यशश्री बसने दांडिया बाजारात आत्याच्या घरी यायची आणि आत्याला हरवून जायची.

चिठ्ठ्यांवर टिंबं चिकटवली होती अवंतीने, म्हणजे आत्याच्या भाचीने. घरात संक्रांतीचा काटेरी हलवा उरला होता. आत्याने किती सुनांसाठी त्याचे दागिने ओवले होते! तिच्या बोटांना दाणा न दाणा ओळखीचा. अवंतीने तेच दाणे डिंकाने ब्रेलच्या टिंबांसारखे बसवले. महिनाभर खेळ झकास चालला. मग मुंग्या आल्या. त्यांनी सातही बंदरं लुटली. अवंतीने घाईघाईने ओल्या फडक्याने पुसलं, तर चिठ्ठ्या फुगून पापड झाल्या.

त्याच सुमारास यशश्रीचे गुडघे गेले. बस बंद. आता फोनवर खेळायचं, तर दोघींकडे एकेक संच हवा. इथे एकही धड उरला नव्हता. लहरीपुऱ्यातला खेळण्यांचा दुकानदार म्हणाला, “बेन, एतो बंद थई गयुं.” म्हणजे तो खेळ आता निघतच नाही. अवंतीने कंपनीला विचारलं, चिठ्ठ्या आणि पट ब्रेलसकट छापून घेऊ का? कंपनीने गोड शब्दांत नाही म्हटलं.

“कायद्यात अंधांसाठी सवलत आहे,” अवंतीचा भाऊ सिद्धार्थ म्हणाला. तो वकील. “पण त्यांनी एकदा नाही म्हटल्यावर मुद्दाम छापायचं, म्हणजे वाद आला.”

“किती दिवस चालेल वाद?” आत्याने विचारलं.

“वर्षंही लागतील.”

“मी अठ्ठ्याहत्तरची. यशश्री माझ्याहून मोठी. वाद तू घाल, आम्हाला खेळू दे.”

“आत्या, ऐक ने. त्यांचे शब्द, त्यांची चित्रं...”

“चित्रं मला दिसतात का रे?”

आत्याने लगेच पुढचं विचारलं.

“आणि खेळायची रीत? दोन घरं मागे जायचं, हीसुद्धा त्यांचीच?”

“नाही. रीतीवर हक्क नसतो. ती ज्या शब्दांत छापली, त्या शब्दांवर असतो.”

“मग त्यांचे शब्द त्यांना परत कर,” आत्या म्हणाली. “मला माझे आहेत.”

त्या दिवसापासून ती तांदूळ निवडता निवडता गुणगुणू लागली. एकेका चिठ्ठीची एकेक ओवी झाली. जमली की लगेच करजणला फोन. यशश्री ऐकायची, घोकायची, म्हणून दाखवायची. अवंतीने जुन्या साड्यांचे दोन पट शिवले. समुद्राला मखमल, बंदरांना बटणं. कोऱ्या चिठ्ठ्यांवर फक्त आकडा, तोही काचेच्या मण्यांचा. आत्याने एक मणी जिभेवर ठेवून पाहिला.

“गोड नाही. चालेल.”

चिठ्ठी जिची निघेल तिने आकडा सांगायचा, ओवी समोरचीने म्हणायची, असं ठरलं. एक संच मोटारीने करजणला गेला. रविवारी सिद्धार्थही येऊन बसला. अवंतीने फोन स्पीकरवर लावला.

“बस ने सरू, किती वाट पाहू?” पलीकडून आवाज आला. “चिठ्ठी काढ.”

खेळ सुरू झाला. आत्या पुढे होती. शेवटचं बंदर तीन घरांवर राहिलं होतं. तिने चिठ्ठी उचलली, मण्यांवरून बोट फिरवलं.

“आठ,” ती हळूच म्हणाली.

पलीकडे यशश्रीने घसा साफ केला.

“वारा फिरला सयाबाई, फाटलं तुझं शीड,
दोन घरं माघारी जा, येऊ दे थोडी चीड!”

“मी ‘मनात नको चीड’ केलं होतं,” आत्या म्हणाली. “माझी ओवी बदललीस?”

“का गं? परवानगी घ्यायची होती?”

अवंतीने सिद्धार्थकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत हसू दाबत होता.

“तुझी बरी आहे,” आत्या म्हणाली. बोटांनी एकेक बटण चाचपत तिने आपलं जहाज दोन घरं मागे घेतलं. “चल, तुझी पाळी.”