कूलर बाबांकडे फिरवला

शुभमनं माझ्या कानाखाली वाजवली ती पेंटेनवरून. मी त्याची थोरली बहीण, मंजुषा. अकोल्याच्या आमच्या दालमिलमध्ये इंजिनांचं शिकलेली मी एकटीच. पण मिल चालवतो तो.

मिलचा जनरेटर दिवसभर धडधडतो आणि त्याचा तापलेला धूर नुसता आभाळात जातो. त्या धुरावर एखादा द्रव उकळायचा, त्याच्या वाफेनं छोटी टर्बाइन फिरवून वीज काढायची, मग वाफ थंड करून तोच द्रव पुन्हा उकळायचा, असं यंत्र आम्ही बसवत होतो. द्रव कोणता, यावरून घरात फाटलं. मी म्हणत होते, न पेटणारा द्रव भर, महाग पडला तरी चालेल. नाहीतर साधं पाणी घे, वीज थोडी कमी मिळेल. शुभमला पेंटेनच पाहिजे होतं, पेट्रोलसारखं भडकणारं. कुठल्याशा थंड देशातल्या व्हिडिओत त्यावर भरपूर वीज निघाली होती म्हणे.

"छत्तीस डिग्रीवर उकळते ते," मी म्हटलं. "आपल्या अकोल्यात मे महिन्यात सावलीतबी पंचेचाळीस रायते. वाफ थंड कशावर करशीन?"

"कूलर लावतो ना."

मी हसले, तेव्हा त्यानं मारलं. मी हातातला पाना फेकला. त्याचा पुढचा दात तुटला आणि तुरीच्या पोत्यावर रक्त सांडलं. तेल्हाऱ्याहून बाबा आले, दोघांनाही शिव्या घातल्या आणि निकाल मुलाच्या बाजूनं दिला. पेटणारी वस्तू आहे, माणसं जळतील, असं मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पण गाढवापुढे वाचली गीता.

वाफेच्या पाइपांसमोर लोखंडी कूलर लागला. ओल्या ताट्यांतून गार वारा सुटला, यंत्र फिरलं, दिवे लागले. खोटं कशाला बोलू, चाललं ते. शुभम तुटक्या दातानं हसत सुटला आणि त्यानं बाबांना बघायला बोलावलं. बाबांना त्या पेंटेनशेजारी बसवू नको म्हटलं, तरी त्यानं खुर्ची तिथंच मांडली.

बाबा भर दुपारी उन्हातून आले. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाकडे आधी कूलर फिरवतात, मग पाणी देतात, मग ख्यालीखुशाली. मी माठाकडे गेले. बाबांचा आवाज मागून ऐकू आला.

"राहू दे रे. त्या पाइपाले पाहिजे हवा."

"तुमी घामाघूम झाले, बाबा. दोन मिनिटं."

पेला घेऊन वळले तर कूलरचं तोंड बाबांकडे, पाइप उघड्यावर तापलेले आणि दाबाचा काटा लाल पट्ट्यात. जनरेटर बंद कर म्हणून मी ओरडले. शुभम धावला, तेवढ्यात एक सांधा सुटला. वाफ जमिनीवरून पसरत कूलरखाली गेली. कूलरची मोटर ठिणग्या टाकते, झटके देते, हे वऱ्हाडात लेकरालाही ठाऊक असतं.

भडका उडाला आणि मी भिंतीवर आदळले. बाबा खुर्चीसकट पेटले होते. शुभमनं जळतं धोतर नुसत्या हातांनी ओढलं, त्याच्या तळव्यांची कातडी धोतराबरोबर गेली. मी पेल्यातलं पाणी फेकलं. दुसरं हातात काही नव्हतं. बाबांनी पुढची सकाळ पाहिली नाही.

तेरवीला परतवाड्याची आत्या उन्हातून आली. आईनं सवयीनं घरातला कूलर तिच्याकडे फिरवला. शुभम उठला आणि लाथेनं त्यानं कूलर पाडला. पट्ट्या गुंडाळलेल्या हातांनी तो पत्रा उचकटू लागला, पट्ट्या लाल झाल्या. माणसं त्याला धरायला धावली. मी मध्ये उभी राहिले आणि कोणालाच पुढे येऊ दिलं नाही. मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटत होतं. त्याच्या हातांनी होईना, म्हणून मीच कुऱ्हाड आणली आणि पत्रा फोडत राहिले.

आई भिंतीला टेकून बसली होती.

"घामाघूम झाली होती वं आत्या," ती हळूच म्हणाली.

मी कुऱ्हाड खाली ठेवली.