राजचिन्हाखालची ओळ

ग्लेनफर्न गावच्या बाजारात इफी मॅकहार्डीच्या बेकरीइतका तोरा कुणाचाच नव्हता. दारावर सिंहाचं आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्ह होतं, अन् त्याखाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: 'राणीसाहेबांचे पुरवठादार.'

तीस वर्षं दर महिन्याला ओटच्या बिस्किटांचे चार डझन डबे राजवाड्यावर जायचे. तिथे ती कोण खातं हे दुकानदारानं विचारायचं नाही आणि गावात तर त्याबद्दल ब्रही काढायचा नाही, असा दंडकच होता. इफी तो इतका कडक पाळायची, की कुणी विषय काढला तरी ओठ मिटून छताकडे बघत राहायची. झालं! बिस्किटं थेट राणीच्या न्याहारीला जातात, असं गावानं ठरवून टाकलं. इफीनंही तेच ठरवलं होतं, बरं का.

आता खरं सांगायचं तर ती बिस्किटं म्हणजे निव्वळ दगड. कृती बापाची, आणि इफीनं त्यात मिठाचा कणही इकडचा तिकडे केला नव्हता. पर्यटक चिन्हाखाली फोटो काढायचे आणि डबा घेऊन जायचे. एखाद्यानं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, की इफी पुटपुटायची, "गाढवाला गुळाची चव काय!"

मग राणी गेली आणि राजे गादीवर आले. राज्यकर्ता गेला की त्यानं दुकानाला दिलेली पुरवठादाराची मान्यताही जाते. दोन वर्षांच्या आत नवी मिळवायची, नाहीतर चिन्ह उतरवायचं. इफीनं अर्ज धाडला. बाबांनी लावलेलं चिन्ह उतरवायची वेळ आली तर त्याआधी दुकानालाच कुलूप लावीन, असं ती भट्टी सांभाळणाऱ्या भावाला, वॉटीला, रोज ऐकवायची.

उत्तर आलं मंगळवारी. इफीनं ते दोनदा वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसली.

"नाही म्हणाले?" वॉटीनं विचारलं.

"हो म्हणालेत. शिफारस राजवाड्याच्या पागेवरच्या साहेबांची आहे."

"पागेचा काय संबंध?"

"बिस्किटं पागेत जातात, वॉटी! तीस वर्षं घोडे खातायत! आता चिन्हाखाली ओळ घालायची, 'राजेसाहेबांच्या घोड्यांच्या खाऊचे पुरवठादार.' मंजूर असेल तर शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा म्हणे."

वॉटी हसून हसून खोकायला लागला.

"दात काय काढतोस, मेल्या! बाबांचं नाव मातीत गेलं. नको मला ते चिन्ह, शिडी आण!"

तेवढ्यात पाद्रीसाहेबांची बायको, मिसेस कूट्स, आत आली. गेली वीस वर्षं न चुकता डबा नेणारी बाई. इफी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, देवाशपथ खरं सांगा. माझी बिस्किटं कशी लागतात?"

मिसेस कूट्स गोरीमोरी झाली. "म्हणजे... आम्ही तो डबा पाहुण्यांपुढे ठेवतो ना. चिन्हाची बाजू पुढे करून."

"आणि तुम्ही खाता का?"

"पाहुणे घेतात की एखादं."

"तुम्ही, तुम्ही!"

"यांचे दात नाजूक आहेत हो," असं म्हणत बाई पावासाठी आली होती हे विसरून बाहेर पडलीसुद्धा.

 इफीला रागही येईना. शेवटी वॉटीनंच पत्र उचललं आणि खालचा भाग मोठ्यानं वाचला: "'डब्याचं झाकण वाजलं की घोडे दारावर खूर आपटतात. मध्यंतरी आम्ही दुसऱ्या दुकानाची बिस्किटं देऊन पाहिली, एकानंही तोंड लावलं नाही.'"

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"वॉटी, घोड्यांना वाचता येतं का रे?"

"काहीतरीच काय विचारतेस!"

"म्हणजे त्यांनी बिस्किटं खाल्ली, ती काही डब्यावरचं चिन्ह बघून नाही."

वॉटीचं हसू मावळलं. इफीनं पिठाचे हात एप्रनला पुसले, पत्रासोबत आलेला फॉर्म पुढे ओढला आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली.

"रंगाऱ्याला सांगू का, घोड्यांचं जरा बारीक अक्षरात लिही म्हणून?" वॉटीनं हळूच विचारलं.

"खबरदार! रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे," इफी डोळे पुसत म्हणाली. "बाबांची बिस्किटं मनापासून आवडणारं कुणीतरी निघालं एकदाचं."