धाकट्याला आधी

आमचं टोफूचं दुकान आई एकटी चालवते, आणि त्रेसष्टाव्या वर्षी बाहेरून बारावीच्या परीक्षेला बसते. बाकी विषय सुटले. गणित दोनदा राहिलं. यंदाही राहिलं तर पुस्तकं रद्दीत घालीन, असं तिने जाहीर केलं होतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटल्याचं ती कधी बोलत नाही, पण पुस्तकांना कव्हरं मात्र जपून घातली होती. म्हणून मी, गणिताची मास्तरीण, दर रविवारी मात्सुएला, आईकडे, जायचे.

गाडी अडली ती मुळाच्या पोटातल्या मुळापाशी. √(५−२√६). पाचातून दोन मूळ सहा वजा, आणि त्या सगळ्यावर पुन्हा एक मूळ. आधी मी लांबची वाट दाखवली: दोन अज्ञात आकडे धरायचे, वर्ग करायचा, समीकरणं सोडवायची. तेवढ्यात आईने चहा करून आणला.

मग जवळची सांगितली. बेरीज पाच, गुणाकार सहा, असे दोन आकडे शोध. "दोन आणि तीन," ती लगेच म्हणाली. आतल्या मुळाआधी दोन नसेल तर वरखाली दोनाने गुणायचं. शेजारणीकडून वाटीभर सोया सॉस आणावा तसा दोन उसना आणायचा, हे तर तिला फारच पटलं.

पण उत्तर लिहिलं √२−√३. दर वेळी तेच, लहान आकडा आधी. वर मलाच म्हणाली, वर्ग करून बघ, जुळतो की नाही. जुळतो. पण उत्तर शून्याखाली जातं, आणि मुळाच्या चिन्हाला ते चालत नाही.

"मोठा आधी, आई."

"मोठं थांबतं गं. लहान रडतं."

"तू मुळातच ताकुमाला आधी वाढतेस."

ताकुमा माझा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षांचा घोडा झाला, तरी पहिला वाडगा त्याचाच. मी हसत बोलले खरी, पण टोचलं मलाच. आई पेन्सिलीला टोक काढत बसली.

सप्टेंबरात पास झाल्याचं पत्र आलं. आम्ही दोघं भावंडं आईकडे जेवायला गेलो. ताकुमाने सवयीने हात पुढे केला. आईने भाताचा पहिला वाडगा त्या हातावरून नेऊन माझ्यापुढे ठेवला.

"आलं होतं का ते मूळ?" मी विचारलं.

"आलं होतं. मोठीला आधी वाढलं."

ताकुमा हात तसाच धरून बसला होता. माझ्याने घास उचलवेना.

"गार करू नका, मास्तरीणबाई," आई म्हणाली.