पार्बताचा जिव्हाळा

चैत्रातल्या कोवळ्या, पिवळसर उन्हात विहिरीच्या काठावर ओणवी होऊन पार्बता खोल तळाकडे कान लावी. पळस झडून गेलेला, मोहाचा गोड, जडशीळ गंध हवेत साचलेला, आणि ती श्वास रोखून पाण्याची चाहूल घेत असे. विहिरी खणणाऱ्या बापाची ती लेक, मूल गावाकडची. माझ्याशी लग्न होऊन भामरागडजवळच्या त्या अरण्यातल्या गावी आली. मी तिथल्या एकशिक्षकी शाळेचा मास्तर होतो आणि फावल्या वेळी शब्दांची मुळे शोधून वहीत उतरवीत होतो.

"जिव्हाळा आटत नाई इचा," एकदा ती म्हणाली. मी चमकलो. मला ठाऊक होता तो शब्द पत्रांतला, पोथ्यापुस्तकांतला, प्रेमाचा. तिने समजावले, विहिरीच्या पोटातला जिवंत झरा म्हणजे जिव्हाळा. मग माझे बोट हाती घेऊन नखाखालचे हुळहुळे मांस तिने हलकेच दाबले. हाही जिव्हाळाच, म्हणाली, इथे काटा शिरला की माणूस कळवळतो. प्रेमाला हे नाव मागाहून मिळाले असावे, जिथे पाझरते आणि जिथे दुखते त्या दोन्ही जागा ओळखूनच. त्या दुपारी मी तिच्यावर नव्याने लुब्ध झालो. खरे तर शब्दावर अधिक.

आमची मुलगी सहा महिन्यांची असताना चांद्याच्या एका विद्वान गृहस्थांनी वही घेऊन बोलावले. आषाढ सरत आला होता.

"नका जाऊ जी. नदीले पूर येईन," पार्बता एवढेच म्हणाली.

चार दिवसांत परततो, असे सांगून मी निघालो. गृहस्थांनी वहीतल्या नेमक्या 'जिव्हाळा' याच शब्दावर बोट ठेवून माझी पाठ थोपटली. परतताना गावाआधीची पर्लकोटा नदी दुथडी फुगलेली होती, तांबडी, उन्मळलेली झाडे वाहून नेणारी. सतरा दिवस मी अलीकडच्या काठावर बसून काढले.

घरी पोहोचलो तेव्हा वळणीवर लहान अंगडी नव्हती. पोरीला ताप आला, तिसऱ्या दिवशी ती गेली, शेजारच्या माडिया बायकांनी मोहाखाली तिला मूठमाती दिली. हे सारे पार्बताने मला भात वाढता वाढता सांगितले, डोळ्यांत टिपूस न आणता.

त्यानंतरही सडा, चूल, धुणे, सगळे यथासांग चालू राहिले. फक्त पाणी ओढताना ती विहिरीत पाहत नसे. हेमंत संपता संपता न राहवून मी तिला विचारले, माझ्यावर रागावली आहेस का? दोर गुंडाळीत ती शांतपणे म्हणाली, "राग यायले बी जिव्हाळा लागते जी."

आता आम्ही दोघेही म्हातारे झालो आहोत, चांद्याला एका छपराखाली राहतो. काळ विसर देतो म्हणतात. मला तो भलत्याच गोष्टीचा मिळाला. मुलीचा चेहरा मला आठवत नाही. त्या चेहऱ्याची स्मृती आता जगात एकाच ठिकाणी उरली आहे, माझ्यापासून दोन हातांवर तांदूळ निवडत बसलेल्या पार्बतापाशी. आणि ती मागण्याचे धाडस एवढ्या वर्षांत मला झालेले नाही.