वॅलेटाला जायचं राहिलं

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये जुनं म्हणावं असं फारसं काही नाही. निम्मं गाव देवयानीच्या वडिलांपेक्षा वयाने लहान. म्हणूनही असेल, पण माल्टातल्या वॅलेटा नावाच्या चारशे वर्षांच्या गावाचं माहितीपत्रक हाती पडलं आणि तिचा जीव त्यात अडकला. शनिवार-रविवार गाइडबरोबर पायी फिरायचं. पिवळ्या दगडांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या आणि गल्ली संपते तिथे समुद्र.

खरं तर तिला गाव बघायचंच नव्हतं. तिला श्रीनिवासला, म्हणजे नवऱ्याला, एक गोष्ट सांगायची होती आणि ह्या फ्लॅटमध्ये ती तिच्या तोंडून निघत नव्हती. फेब्रुवारीत हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं होतं की मूल होणार नाही, उशीर झाला. उशीर का झाला हे देवयानीला पक्कं ठाऊक होतं. 'आयएलआर झालं की बघू' हे श्रीनिवासचं पालुपद. आयएलआर म्हणजे इथे कायमचं राहायचा शिक्का. सोफा आयएलआर झालं की, गाडी आयएलआर झालं की, आणि मूलही आयएलआर झालं की. त्यात सरकारने त्यासाठीची चार वर्षं राहण्याची अट पाचावर नेली. २००७ साली एकदाचा अर्ज गेला तेव्हा देवयानी एकोणचाळीस वर्षांची होती.

अर्जाबरोबर दोघांचे पासपोर्टही गेले होते, आणि माल्टाच्या व्हिसाला पासपोर्ट हवेत. आता पुण्यात अकरा वर्षं बँकेत काढलेल्या बाईला अडलेला कागद कसा सोडवायचा हे कोणी शिकवायला नको. विषय लिहायचा, संदर्भ क्रमांक घालायचा, नम्रपणे मागायचं. तिने छानसं पत्र लिहिलं : पासपोर्ट तात्पुरते परत मिळावेत, सहल होताच पुन्हा जमा करू. घरचे कागद तीच बघायची, त्यामुळे श्रीनिवासने न वाचताच सही ठोकली. सांगितलं असतं तर 'आयएलआर झालं की जाऊ' हेच ऐकावं लागलं असतं.

तीन आठवड्यांत पासपोर्ट आले. देवयानी स्वतःवरच खूश झाली. मग तिने सोबतचं पत्र उघडलं. कागदपत्रं परत मागितल्यामुळे तुमचा अर्ज तुम्ही मागे घेतला असं धरलं आहे. आधीच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे. आता इथे राहायला आधार उरलेला नाही, तरी देश सोडावा.

संध्याकाळी श्रीनिवासने अंगातला कोटही न काढता ते तीनदा वाचलं. सॉलिसिटरला फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि आता काही करता येणार नाही असं सांगितलं.

"एका शब्दाने मला विचारायचंस," श्रीनिवास म्हणाला. "दोन महिने वेट केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"चुकलं माझं, श्री."

"सही माझीच आहे."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"जाऊ दे. एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "आता कशासाठी थांबायला नको. पुण्याला गेलो की आधी मूल. बाकी सगळं नंतर. आई आहे, आपली माणसं आहेत. होईल सगळं नीट."

पाच वर्षं ती ह्याच वाक्याची वाट बघत होती. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

"नाही होणार, श्री. हॉस्पिटलमध्ये सांगितलंय, फेब्रुवारीतच. तेच सांगायला तुला तिकडे नेणार होते."

त्याने हात काढून घेतला नाही. खाली बसस्टॉपवर एक बस थांबली आणि निघून गेली.

"मग परत जाऊन तरी काय करायचं?" त्याने विचारलं.

तो तिला टोचून बोलत नव्हता. तो खरंच विचारत होता.