पेनली तिठ्यावरचा खांब

मित्रांनो, मी इंग्लंडातल्या हेरफर्डशायरमधल्या पेनली तिठ्यावरचा, वाट दाखवणारा एक जुना लोखंडी खांब आहे. माझ्या एका हातावर ‘हेरफर्ड ९ मैल’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘पेनली १’. काम एवढेच, पण तेही मला धड करू देत नाहीत.

ओतशाळेतून मी नवा आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! चर्चचे पाळकबाबा खास बघायला आले. महायुद्धात शत्रूला वाट सापडू नये म्हणून माझे हात काढून कोठारात ठेवले होते. लढाई संपल्यावर ते जागच्या जागी बसवले आणि मी पुन्हा कामाला लागलो.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेतले प्रीस आजोबा ट्रॅक्टरने कुंपणाची झुडपे छाटत होते. त्यांचा धक्का लागून माझा हेरफर्डचा हात थेट डोंगराकडे वळला. खांब गावाचा की परगण्याचा, यावर ग्रामसभा तेव्हापासून चहा-बिस्किटे संपवते आहे. कोणाचे अडत नाही ना! गावात सगळ्यांना वाट पाठ.

परवा दुपारी समुद्राकाठच्या गावाहून आलेले डेरेक लम्ली इथे थांबले. त्यांची मुलगी बेथनी शाळेच्या गायकवृंदाबरोबर आधीच हेरफर्डला पोचली होती. साडेपाचच्या प्रार्थनेत ती तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, कॅथीड्रलमध्ये, पहिल्यांदाच एकटी गाणार होती. फोनला रेंज नव्हती. त्यांनी माझे ऐकले आणि डोंगरात गेले. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले, तेव्हा प्रीस आजोबा इथेच उभे होते.

“अहो, कॅथीड्रलला कसं जायचं?”

“सोपंय हो! पबपाशी डावीकडे वळा.”

“पब कुठाय?”

“तो बंद पडून वीस वर्षं झाली की! मग मोठं एल्मचं झाड लागेल. म्हणजे, लागायचं.”

“आणि ही पाटी?”

“तिच्याकडे कशाला बघता? इथं सगळ्यांना वाट माहितेय.”

मला इतका संताप आला! लम्ली पुन्हा चुकले, हे मला संध्याकाळी कळले. बापलेक परतीच्या वाटेवर इथे उतरले.

“बाबा, मी अख्खं गाणं तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हटलं,” बेथनी म्हणाली.  लम्लींनी गाडीतला पाना काढला आणि माझा हात सरळ केला. मला रडू यायचेच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीस आजोबांनी ते पाहिले. “कोणी हात लावला याला? विषय अजून सभेपुढे आहे!” असे म्हणून त्यांनी माझा हात होता तसा डोंगराकडे फिरवला.

मित्रांनो, ज्यांना वाट ठाऊक आहे त्यांच्यासाठी मी उभा नाही. तुमच्या गावात असा कोणी खांब असेल, तर परक्या माणसाच्या डोळ्यांनी त्याच्याकडे एकदा बघा.

आत्ताच एक गाडी थांबली आहे. आतल्या बाई म्हणताहेत, “बरं झालं बाई, पाटी तरी आहे!” आणि मला ओरडायला तोंड नाही.